बिनगळाची दोरी

...नाही, मला एक सांगा, दोरी घ्यायची म्हणजे काय साडी घ्यायचीय का? मासे पकडायची दोरी हो! एका टोकाला मासा, एका टोकाला माणूस, मधे दोरी, संपला विषय! असं मीसुद्धा समजत होतो, आणि गेलो आपला इसिपिंगोच्या दुकानात आणि म्हटलं, एक दोरी द्या. तर तो काउंटरवरचा केसांना जेल फासलेला सेल्समन माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी डॉक्टरकडे जाऊन म्हटलं, एक गोळी द्या, कुठलीही. 'अंकल, साधा तंगूस की विणलेला गोफ? अंकल, गोफ असेल तर चार पदरी की आठ पदरी? अंकल, खाली वाळू आहे की खडक? अंकल, रंग कुठला?' रंग! पिवळा, पोपटी, राखाडी, आणि एक तर अशी, दर थोड्या अंतरावर रंग बदलणारी, की आमच्या सावीने, म्हणजे माझ्या बायकोने, दिवाळीला ब्लाउजपीससकट मागितली असती. तुम्हाला सांगतो, हे नको ते दाखवा, ते नको ते वरचं काढा, असं करत करत मी अख्खा काउंटर भरून टाकला आणि शेवटी 'जरा घरी विचारून येतो' म्हणून बाहेर पडलो, तेव्हा त्याने अगदी तेच तोंड केलं जे साडीवाले करतात. आणि लोक म्हणतात, दोरीत काय निवडायचंय!

आता तुम्ही म्हणाल, दयालन, तुझं एवढं अडलं होतं काय? माझं काही अडलं नव्हतं हो. अडलं होतं माझ्या बापाचं. आरुमुगम किस्टनसामी! नाव ऐकलं नाही? मग तुम्ही इसिपिंगो बीचवर कधी उभेच राहिला नाहीत. डर्बनपासून खाली कुठल्याही किनाऱ्यावर जा, काठी घेऊन उभ्या असलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. 'आरू? लाटांच्या पार, जहाजांच्या वाटेवर शिसं टाकायचा तो आरू?' असंच म्हणेल. थोडं वाढवून म्हणेल, पण फार नाही.

आणि फेकायचे कशाने? तर स्कारबरोने. आता स्कारबरो म्हणजे काय, तर काठीला लावून दोरी गुंडाळायचं ताटाएवढं लाकडी चाक. त्याला ब्रेक नाही, दाते नाहीत, काही म्हणजे काही नाही. नुसतं चाक आणि त्यावर अप्पांचा, म्हणजे माझ्या बापाचा, अंगठा. अंगठा जरा हलका पडला की दोरीचं घरटं, जरा जड पडला की शिसं, म्हणजे दोरीच्या टोकाचं वजन, समोरच्या वाळूत, आणि मधे बोट आलं तर बोटाची आशा सोडायची. ते चाक घेऊन अप्पा पाण्यात मांडीपर्यंत जायचे, वळायचे, अंगाला असा पीळ द्यायचे आणि मग... सूंऽऽऽ! अहो, शॅड मासा लागला की आमच्या किनाऱ्यावर खांद्याला खांदा लागून रांग उभी असते, पण अप्पा फेकायला वळले की रांगेतली माणसं स्वतःची काठी विसरून बघत राहायची. रांगेच्या बरोबर मधोमध अप्पांची जागा. ते आजारी असले तरी ती जागा रिकामी राहायची. कुणी नवखा चुकून उभा राहिलाच, तर लोक त्याला सांगायचे, तिथे माणूस आहे.

मग शुगरने दावा साधला. आधी पाय बधिर झाले, मग बोटं. कपातला चहा गरम आहे की गार, कळेना. सदऱ्याचं बटण लावायचं तर मान खाली घालून बघावं लागे. पण कबूल करेल तो माझा बाप कसला! म्हणायला लागले, समुद्रात मासाच उरला नाही. ट्रॉलरवाल्यांनी नेला, रिफायनरीने मारला, सरकारने खाल्ला! आणि एका सकाळी मी त्यांच्या शेजारी उभा, आणि काठीचं टोक वाकलं. परत वाकलं. अप्पांचं बोट दोरीवरच होतं, बरं का... आणि ते आपले गुलामभाईंना सांगतायत, गुलाम, हा समुद्र मेलाय. गुलामभाई वावडा म्हणजे आमचे शेजारी, रांगेत कायम अप्पांच्या उजव्या हाताला. त्यांनीही ते टोक पाहिलं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि गुलामभाईंनी एकदम क्रिकेटचा विषय काढला. मासा तिकडे आमिष खाऊन, तोंड पुसून निघून गेला.

पुढच्या आठवड्यात अप्पांनी स्कारबरो गॅरेजमधल्या खिळ्याला टांगलं आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. आणि व्हरांड्यात बसलेला मासेमार म्हणजे काय चीज असते, ते माझ्या बायकोला विचारा. समुद्रावर मासे मिळेनात, तर हा माणूस घरी माणसं पकडायला लागला! गॅसवाल्याला सिलिंडर कसा उचलायचा ते शिकव, टपालवाल्याला उशीर का झाला ते विचार, सावीला डाळीत चिंच किती... सावी एका संध्याकाळी मला म्हणाली, 'अप्पांना परत समुद्रावर ने, नाहीतर मी तरी जाते.' थट्टेत म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. कारण रात्री जेवताना अप्पा घास उचलायचे, तो बोटांतून निसटायचा, आणि आम्ही सगळे ताटात बघून जेवायचो.

म्हणून मी डोकं लढवलं. आता हे नीट ऐका. तंगूस असतो ना, नायलॉनची साधी एकपदरी दोरी, तो ताणतो. मासा तिकडे चावतो, इकडे बोटापर्यंत बातमी येईस्तोवर अर्धी वाटेतच सांडते. धडधाकट बोटाला उरलेली अर्धी पुरते. अप्पांच्या बोटाला नाही पुरत. गोफ मात्र जराही ताणत नाही, तिकडे कुणी चिमटा काढला की इकडे कळलंच. मग गोफ घ्यायचा, झालं! झालं कसलं? गोफ स्कारबरोवर घातला तर अंगठा सोलून निघेल. म्हणजे रीळ बदलायला हवं. म्हणजे फिरकीचं रीळ हवं, ते बाजूला दांडी असलेलं, गरागरा फिरवायचं. आणि त्या रिळाला आमच्याकडे काय म्हणतात माहितीय? कॉफीयंत्र! रांगेत कुणी ते घेऊन आला की अप्पा लांबून विचारायचे, काय हो, झाली का दळून? मला एक कप, बिनसाखरेची. आणि एवढ्यावर थांबले असते तर ठीक, पण एकदा सगळ्यांच्या देखत मारिअम्मनच्या देवळाकडे हात करून शपथ घेऊन बसले की मरेपर्यंत कॉफीयंत्राने मासा धरणार नाही!

बरं, रिळाची शपथ, तर दोरीचा नियम. रांगेत गोफ आणायचा नाही. कारण तंगूस तंगुसात अडकला तर सोडवता येतो, चार शिव्या, एक सिगारेट, सुटला. पण गोफ बारीक, ताठ, करवतीसारखा. शेजाऱ्याच्या तंगुसावर आडवा आला की कचकन कापतो... मासा गेला, शिसं गेलं, कित्येक वर्षांची मैत्री गेली. म्हणून इसिपिंगोच्या रांगेत गोफाला बंदी. आणि ही बंदी कुणी घातली? तुम्ही ओळखलंत. म्हणजे बघा, रीळ त्यांच्या शपथेविरुद्ध, दोरी त्यांच्या नियमाविरुद्ध, आणि दोन्ही त्यांच्याचसाठी त्यांच्या नकळत निवडायची. आणि लोक म्हणतात, दोरीत काय निवडायचंय!

आणलं एक रीळ, लपवलं गुलामभाईंच्या घरी. आधी म्हटलं तंगूसच घालून बघू, निदान नियम तरी मोडायला नको. जाड घातला, तर तो रिळावरून स्प्रिंगसारखा उसळून बाहेर, हातभर गुंता! बारीक घातला आणि जोर लावून फेकलं, तर फटकन तुटला आणि नुसतं शिसंच गेलं. ते अजून जातंय, मॉरिशसच्या आसपास असेल. मग गेलो परत त्या जेलवाल्याकडे, घेतला गोफ. गुंडाळला रिळावर, लावला जोर, तर दोरी जागेवर आणि आतलं चाक आपलं गोल गोल घसरतंय! गुलामभाई कपाळावर हात मारून म्हणाले, अरे, गोफ गुळगुळीत चाकाला धरत नाही, आधी खाली तंगुसाचं अस्तर घाल. अस्तर! म्हणजे माझं साडीचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. अस्तर घातलं, वरून गोफ काठोकाठ भरला, तर सगळा एकदम सुटून वाऱ्यावर भुताची जट. कमी भरला, तर कडेला घासून शिसं अर्ध्यातच दमतं. काठाच्या जरासा खाली, तेवढाच भरायचा. आठ पदरी मऊ, लांब जातो, पण आमच्या वाळूत लवकर झिजतो. चार पदरी खरखरीत, आवाज करतो, पण वाळूला दाद देत नाही. घेतला चार पदरी. आणि दणकून फेकला, तर हे बघा, ह्या बोटाला हे... इथे. रक्त.

तिथे मात्र माझी हसायची इच्छा गेली. माझं बोट होतं म्हणून मला कळलं तरी. अप्पांचं कापलं असतं तर त्यांना कळलंही नसतं, आणि शुगरवाल्याची जखम... डॉक्टरने बजावूनच ठेवलं होतं, साधं खरचटलं तरी हयगय करू नका. अख्खी दोरी गटारात फेकावी असं वाटलं. गुलामभाईंनी माझ्या हातातून रीळ काढून घेतलं, गोफाच्या पुढे जाड तंगुसाचा तुकडा जोडला, काठीच्या दुप्पट लांब. म्हणजे फेकताना बोटाखाली येणार तो जाड, गुळगुळीत तंगूस, आणि लाटांच्या पार पसरणार तो बारीक गोफ. वर स्वतःच्या बायकोचा चामड्याचा हातमोजा कापून बोटाला टोपडं केलं. दोन्ही दोऱ्यांची गाठ एवढी बारीक मारली की काठीच्या कड्यांतून सुळकन जाते. मी विचारलं, गुलामभाई, तुम्हाला हे सगळं येतं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? तर म्हणाले, 'रांगेत गोफाचं नाव काढलं असतं तर तुझ्या बापाने मला समुद्रात टाकलं असतं.'

सगळं तयार! आणि पुरटासी लागली.

पुरटासी म्हणजे आमचा उपासाचा महिना. घरात मासा नाही, मटण नाही, अंडं नाही. सावी भांडी घासते, कपाटं घासते, फ्रिज तर असा घासते की आतला दिवा घाबरून लागत नाही. आणि आमिषाला ठेवलेले सार्डिन? ते पण मासेच की! मग आमच्या अख्ख्या गल्लीचं आमिष जातं गुलामभाईंच्या फ्रीजरमध्ये. त्यांच्या घरी पाहुण्यांना महिनाभर आइस्क्रीम मिळत नाही, पण बिचारे कधी बोलत नाहीत. आता पुरटासीत काठीला हात लावायचा नाही, मग दोरी तपासायची कशी? मी सावीला म्हटलं, मी गळच लावत नाही. नुसतं शिसं. गळ नाही तर मासा नाही, मासा नाही तर पाप नाही. सावीने विचार केला आणि परवानगी दिली. पण फाटकात पिशवी उघडून तपासली हो! खिसेसुद्धा! विमानतळावर असं तपासत नाहीत.

आणि व्हरांड्यातून आवाज, कुठे चाललास? म्हटलं, नवीन रीळ घेतलंय, जरा फेकून बघतो. अप्पांनी बघितलं. कॉफीयंत्र! मला वाटलं, आता खुर्ची भिरकावतात. पण नाही, उठले, चपला घातल्या, म्हणाले चल, बापाच्या नावाला कसा काळिमा लावतोस ते बघायला येतो. असा खुश झालेला माणूस मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

किनारा रिकामा. सगळे उपासाला बसलेले. मी फेकलं... वाईट. परत फेकलं, त्याहून वाईट. मुद्दाम नाही हो, माझं नेहमीचंच! अप्पांची चुळबुळ सुरू झाली, कोपर वर घे, घाई करू नकोस, अरे पोत्यासारखा काय वळतोस... आणि शेवटी त्यांना राहवेना. काठी हिसकावून घेतली. म्हणाले, हे काही मासे पकडणं नाही, गळ कुठाय ह्याला? मी म्हटलं, छे छे, अजिबात नाही. बोटाला टोपडं चढवून दिलं, तेही 'हे काय बायकी' म्हणत घातलं. मग मांडीपर्यंत पाण्यात गेले. वळले. अंगाला तोच पीळ... आणि सूंऽऽऽ! अहो, ते शिसं जात राहिलं, जात राहिलं, मी तळहाताची सावली करून बघतोय तरी जातंय, फुटणाऱ्या लाटांची शेवटची ओळ मागे पडली तरी जातंय! माझा बाप! शुगरने पाय नेले, बोटं नेली, तरी खांदा काही शुगरच्या बापाचा नोकर नव्हता!

मी ओरडणार होतो, तेवढ्यात अप्पांचं तोंड बघितलं. ते सावकाश दांडी फिरवत होते. मग थांबले. मग परत थोडी फिरवली. शिसं तळावरून ओढलं जात होतं, आणि अप्पा मान तिरकी करून उभे, जसं काही कुणी लांबून त्यांच्याशी बोलतंय. मग हळू आवाजात सांगायला लागले. वाळू... बारीक वाळू. आता शिंपल्यांचा चुरा आहे, खरखरतंय. आता चढ. आणि आता उतार, खड्डा आहे इथे, दया, चांगला खोल, इथे मासा थांबतो. मी एका जहाजाकडे बघत उभा राहिलो. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, पण मी बघत राहिलो.

मग ते म्हणाले, 'दया, मला लागतंय रे.'

मी म्हटलं, 'काय, अप्पा?'

'बोटाला. कळतंय मला.' आणि दांडी फिरवत, माझ्याकडे न बघता, 'समुद्र मेला नव्हता.'

त्या दिवशी काठी परत माझ्या हातात आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. अख्खी पुरटासी हा माणूस रोज सकाळी कपाळाला विभूती लावून समुद्रावर जातोय आणि बिनगळाची दोरी टाकून येतोय! लोक सावीला विचारायला लागले, तुझ्या सासऱ्यांचं सगळं ठीक आहे ना? आणि घरी आले की कागदावर समुद्राचा तळ काढून दाखवायचे, इथे चढ, इथे खड्डा. चहाच्या कपाला हात लावताना अजून मान खाली घालून बघत होते, ते काही सुटलं नव्हतं. पण टपालवाल्याची मात्र कायमची सुटका झाली.

पुरटासी संपली. सावीने पहिलं मटण रांधलं, आमिष घरी आलं, आणि आली का पंचाईत? शपथ! मी दबकत दबकत विचारलं, अप्पा, ते मारिअम्मनचं... तर म्हणाले, मी बोललोय देवीशी. मी कॉफीयंत्राने मासा धरणार नाही म्हणालो होतो. मासा काय रिळाने धरतात? मासा दोरीने धरतात. देवीला पटलंय. आणि लोक म्हणतात, दोरीत काय निवडायचंय!

पण नियम? गोफ रांगेत चालत नाही, त्याचं काय? सकाळी आम्ही पोचलो तेव्हा रांग उभी होती आणि मधली जागा रिकामी होती. इतक्या महिन्यांनी, रिकामी! गुलामभाई पुढे आले, म्हणाले, आरू, ये, आम्ही सगळे ठरवून बसलोय, तुझा गोफ चालेल आम्हाला, कापल्या आमच्या दोऱ्या तर कापल्या. सगळी रांग माना डोलावत होती. अप्पांनी त्या जागेकडे बघितलं.

मग म्हणाले, 'गुलाम, तो नियम मी केला तेव्हा दुसऱ्यांपुरता केला नव्हता.'

आणि निघाले. पाय नीट लागत नव्हते वाळूला, तरी माझा हात धरला नाही. रांगेच्या पार टोकाला, पाणी ज्या बाजूला ओढून नेतं त्या बाजूला जाऊन उभे राहिले, म्हणजे दोरी वाहिली तरी कुणाला आडवी जाणार नाही. सगळ्यांच्या शेवटी, एकटे. आयुष्यभर मधे उभा राहिलेला माणूस! तुम्हाला सांगतो, हा पहाडासारखा मासा धरून आणला असता तरी मला एवढा अभिमान वाटला नसता.

तसा धरलाही, म्हणा. ग्रंटर! हा ग्रंटर फार बेरकी, ओढत नाही, हिसका देत नाही, नुसता ओठाने आमिष चाखून बघतो. चांगल्या चांगल्यांना कळत नाही. काठीचं टोक हललंसुद्धा नव्हतं, आणि अप्पा म्हणाले, आला... आणि दिला झटका! मग जी काठी वाकली! ग्रंटर रांगेच्या बाजूला पळाला, आणि कुणी काही न सांगता गुलामभाईंनी दोरी गुंडाळायला घेतली, त्यांच्या शेजाऱ्याने घेतली, एकामागून एक अख्ख्या रांगेने दोऱ्या पाण्याबाहेर काढल्या. सगळा किनारा हात खाली घेऊन उभा, आणि समुद्रात एकच दोरी, माझ्या बापाची. मासा वाळूवर आला आणि डुकरासारखा घुरघुरला, आणि त्याच्याहून मोठ्याने गुलामभाई रडले.

आता गंमत ऐका. तेव्हापासून रोज अप्पांभोवती माणसं. अंकल, दोरी कुठली? अंकल, पदर किती? अंकल, पुढचा तुकडा केवढा? आणि अप्पा सांगतात, बाबांनो, दोरी निवडणं येरागबाळ्याचं काम नाही, मी फार विचार करून निवडली, आणि ह्याला, म्हणजे मला, ह्याला विचारू नका, हा तंगूस घालत बसला होता. आता बोला! मी आपला बाजूला सार्डिन कापत उभा. सांगू कुणाला? ऐकून गुलामभाईच हसतात.

आणि परवा गॅरेजमध्ये गेले, खिळ्यावरून स्कारबरो काढलं, तेल लावून पुसलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, ही मधली जागा अशी किती दिवस रिकामी ठेवायची? तुझ्या बोटांना कळतंय तोवर शीक. म्हणजे आता मी उभा असतो तिथे. रांगेच्या मधोमध, माझ्या बापाच्या जागेवर, बापाचं चाक घेऊन. लोक दोन पावलं सरकून वाट देतात, माझी छाती अशी भरून येते, मी मांडीपर्यंत पाण्यात जातो, वळतो, अंगाला तोच पीळ देतो, सगळी रांग स्वतःची काठी विसरून बघत असते, आणि मी फेकतो... आणि काय सांगू तुम्हाला, ते शिसं रोज माझ्याच पायाशी पडतं. पण पडतं अगदी मधोमध.